तळ्याकडे वाकलेला दगड

हिवाळ्याच्या तोंडाशी दोघा भावांतल्या थोरल्याचं मनगट मोडलं. जात्याचा दगड गाडीवरून उतरवताना पहार निसटली आणि दगड हातावर आला. डॉक्टरांनी हाड बसवलं, पण मूठ काही पहिल्यासारखी वळेना. हातोडा उचलावा, दोन-तीन घाव घालावेत, की तो हातातून गळून पडायचा. मग थोरला त्या हातोड्याकडे असा बघायचा, की जणू दगा त्यानंच दिलाय.

तसं हातोड्याला काम तरी कुठं उरलं होतं? घरात पिढ्यान्‌पिढ्या जाती घडवायचं काम, आणि दळण आता सगळीकडे गिरणीत. गेल्या वर्षी एकानं जातं नेलं ते बागेत कुंडी ठेवायला. थोरल्यानं त्यालाही दळायच्या बाजूला छिन्नीच्या खाचा, म्हणजे टाके, नीट घालून दिले. बायकोनं विचारलं, "कुंडीला काय दळायचंय?" तर म्हणाला, "टाके घातल्याशिवाय ते जातं होत नाही, नुसता दगड होतो." माणूस असा, आणि धंदा तसा.

मनगट मोडल्यावर खडीच्या मशीनचा मुकादम मोटरसायकलवरून येऊ लागला. वाईट माणूस नव्हता. अंगणातल्या अर्धवट जात्यावर बसायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "आमच्याकडे एका हाताचं काम आहे. सरकत्या पट्ट्यापाशी बसायचं, मोठा दगड अडकला की काठीनं ढकलायचा. सावली आहे. आणखी काय पाहिजे?"

त्याची बायको, थोरली, आत चुलीपाशी बसून ऐकायची. लग्नानंतर नवरा एक हंगाम त्या मशीनवर गेला होता. संध्याकाळी त्याचा सदरा झटकला की जमिनीवर पांढरं रिंगण उमटायचं. हंगाम संपला, खोकला राहिला. छाती तपासून डॉक्टर म्हणाले होते, "पुन्हा धूळ घेतलीत तर माझ्याकडे येऊ नका, माझ्या हातात काही राहणार नाही." थोरल्यानं हे कानाआड केलं. थोरलीनं नाही केलं.

अशात गावच्या तळं समितीनं बोलावलेल्या शिल्पकार बाई आल्या. शहरातून आलेल्या, पोरसवदा, केस कापलेले, आणि हातात चपलांचा खोका. खोक्यात पुठ्ठ्याचं तळं होतं. घरातले चौघं भोवती बसले, थोरला, थोरली, धाकटा दीर आणि म्हातारी सासू. बाईंनी पुठ्ठ्याच्या बांधावर पुठ्ठ्याचा एक दगड उभा केला. त्याला मध्यावर आरपार भोक होतं.

"उन्हाळा लागताना, दिवस आणि रात्र सारखी होतात ना, त्या सुमारास सूर्य समोरच्या दोन टेकड्यांमधल्या खिंडीत मावळतो," बाई म्हणाल्या. "त्याच दिवसांत तळ्याचं पाणी मागं हटतं, वाळूचा पट्टा उघडा पडतो आणि सुरय पक्षी तिथं अंडी घालायला येतात."

"काळी टोपी घातलेले," म्हातारी म्हणाली.

"तेच. घरटं नाही, काही नाही, उघड्या वाळूवर अंडी. गेली काही वर्षं सगळी तुडवली जातात. गुरं जातात, ट्रॅक्टर जातात." बाईंनी खिशातून छोटी बॅटरी काढली आणि पुठ्ठ्याच्या खिंडीतून उजेड टाकला. उजेड भोकातून उतरला आणि खाली वाळूवर ठेवलेल्या एका चिमुकल्या खड्यावर पडला. "इथं दुसरा दगड असेल, त्यावर बसलेली मादी कोरलेली. ज्या संध्याकाळी ऊन तिच्यावर पडेल, त्या दिवसापासून पिल्लं उडेपर्यंत कोणी पट्ट्यात उतरायचं नाही. गावानं ठरवलंय तसं."

"पावसाळा सरताना सूर्य परत त्याच खिंडीत येतो की," थोरली म्हणाली. "तेव्हा?"

"तेव्हा मादी पाण्याखाली. ऊन नुसतं पाण्यावर पडेल. तेव्हा माणसाला काही सांगायचं नसतं."

हे थोरलीला फार आवडलं. धाकट्याला मात्र मुळीच आवडलं नाही, कारण त्या पट्ट्यातच तो कलिंगडं लावायचा. "पक्ष्यांना पंख आहेत, कुठंही घालतील अंडी," तो म्हणाला. "कलिंगडाला पंख आहेत का?"

"तुझ्या जिभेला आहेत, तेवढं पुरे," म्हातारी म्हणाली.

काम ठरलं. तळं समितीच्या अध्यक्षांनी स्वच्छच सांगितलं, हा एक दगड नीट उभा राहिला आणि त्यातून ऊन पडलं, तर तळ्याभोवती आणखी चार दगड होणार. मासे चढायच्या वेळेचा एक, बदकं येतात तेव्हाचा एक, असे. म्हणजे वर्ष-दीड वर्षाचं घरचं काम. नाही जमलं तर नाही. थोरल्यानं मुकादमाला निरोप धाडला, एवढं काम होईपर्यंत थांब, पुढचं नाही मिळालं तर येतो.

काम थोरल्याच्या नावावर, पण छिन्नी थोरलीच्या हातात. तिला ते नवं नव्हतं. जात्याचे टाके अर्धे तिचेच असायचे, फक्त गिऱ्हाईक आलं की ती उठून आत जायची. आता अंगणात पुरुषभर उंचीचा, हातभर जाडीचा काळा दगड आडवा पडला होता आणि उठून जायला जागाच नव्हती. बांधावरून जाणारे थांबायचे. "दगडात भोक पाडायला माणसं लावलीत," कोणी म्हणायचं, "आमच्या छपराला फुकट पडतात." आणि जाता जाता थोरल्याला विचारायचे, "काय, बायको कामावर आणि तुम्ही देखरेखीवर?" थोरला हसायचा, पण कान लाल व्हायचे. तो छिन्न्यांना धार लावून द्यायचा, पाणी मारायचा आणि बायकोचा घाव कुठं पडतोय ते बघत बसायचा. कधी न राहवून हात पुढं करायचा, आणि मग मागं घ्यायचा.

बाईंनी दगडाच्या दोन्ही अंगांना खडूनं खूण केली होती. सूर्याकडच्या अंगाला जरा वर, तळ्याकडच्या अंगाला जरा खाली. दोन खुणा जोडल्या की भोक आपोआप उतरतं होणार होतं, कारण ऊन वरून खाली येतं. थोरलीनं वरच्या अंगानं सुरुवात केली. आधी वाटीसारखा खड्डा, मग हळूहळू खोल. खांदे भरून यायचे, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या, पापण्यांवर कपची उडून बसायची. भोक निम्म्या जाडीपर्यंत गेलं तेव्हा सगळ्यांनी मिळून पहारी लावून दगड उलटा केला.

आणि उलटा केल्यावर त्यांनी तो धुतला. जात्याचा दगड पालथा घातला की नव्या अंगाला छिन्नी लावण्याआधी धुवायचाच असतो. ओला दगड वाळताना चीर असली तर ती ओली राहते आणि दिसते. थोरल्याच्या आजोबांपासून हे चालत आलेलं. चौघांनी बादल्या ओतल्या, नारळाच्या काथ्यानं घासला, दगड वाळला, चीर नव्हती. सगळे खूश झाले.

खडूची खूण कोणाच्या ध्यानातच आली नाही.

दुसऱ्या दिवशी खूण दिसेना तेव्हाही थोरली गडबडली नाही. जात्याला खूण पुसली तर काय करतात ते तिला झोपेतही आलं असतं. तिनं दोरी धरली, काटकोनाचा गुण्या लावला आणि आधीच्या भोकाच्या अगदी समोर, सरळ रेषेत नवी खूण केली. थोरल्यानंही मान डोलावली. जात्याचं भोक जरा तिरकं झालं तर जातं लंगडं फिरतं. त्या घरात तिरकं भोक ही शिवी होती.

दोन्हीकडची भोकं मध्यावर भेटली तेव्हा केसभराचाही फरक नव्हता. थोरल्यानं डोळा लावून पाहिलं आणि पलीकडून थोरलीनं पाहिलं. एकमेकांचा डोळा पाहून दोघं खूप दिवसांनी मोकळं हसली.

बाई आल्या त्या संध्याकाळी. सोबत उताराचं माप म्हणून तासून आणलेली एक लाकडी पट्टी होती. त्यांनी ती भोकात सरकवली. पट्टी अडकली. त्यांनी ती पुन्हा काढून सरकवली. मग खाली बसल्या.

"सरळ झालंय," त्या म्हणाल्या.

"सरळच आहे," थोरली अभिमानानं म्हणाली, आणि बोलता बोलताच तिचा चेहरा उतरला. तिचे हात आपोआप पदरात गेले.

"मोठं करू या का?" थोरल्यानं विचारलं. "वरून थोडं, खालून थोडं."

"मोठं केलं तर उजेड सांडेल. मादी कुठली, निम्म्या पट्ट्यावर ऊन पडेल." बाईंनी पट्टी बाजूला टाकली. "आणि नवा दगड आता कुठून आणायचा? सूर्य काही मुदत वाढवून देत नाही." मग त्या एकदम चिडल्या, थोरलीवर नाही, स्वतःवर. "खडूनं कोण खूण करतं? छिन्नीनं करायला हवी होती मी. खडू काय, खडू!"

 थोरली उठून मागच्या दारी गेली आणि हात धूत राहिली. हात स्वच्छ झाले तरी धूत राहिली. तिच्या डोळ्यांसमोर जमिनीवरचं पांढरं रिंगण होतं. नवऱ्याला तिनंच मशीनवर धाडलं होतं आता, स्वतःच्या हातानं, गुण्या लावून. तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं.

अंगणात सगळे मान खाली घालून बसले होते. म्हातारी धान्य निवडत होती. शेवटी तिनं सूप खाली ठेवलं.

"एवढं काय सुतक धरल्यासारखं बसलात?" ती फणकारली. "भोक वाकवता येत नसेल तर दगड वाकवा."

"आई, गप्प बस गं," थोरला म्हणाला.

पण बाईंनी मान वर केली होती. त्यांनी खोका उघडला, पुठ्ठ्याचा दगड चिमटीत धरला आणि हलकेच तळ्याकडे झुकवला. मग बॅटरी लावली. एका हातानं जमेना, म्हणून थोरल्याला बॅटरी धरायला दिली. त्यांनी दगड जरा आणखी झुकवला. उजेड भोकातून खाली घसरला आणि खड्यावर जाऊन बसला.

"अहो, इकडे या!" बाईंनी मागच्या दाराकडे पाहून हाक मारली. "इकडे या आधी!"

थोरली ओल्या हातांनी आली. पुठ्ठ्याचा दगड वाकून उभा होता, वाळूवर काय आहे ते बघायला वाकावा तसा.

"हा माझ्या दगडापेक्षा चांगला आहे," बाई म्हणाल्या. "माझा नुसता उभा होता."

म्हातारी म्हणाली, "मी चिडून बोलले होते," आणि पुन्हा धान्य निवडू लागली.

वाकवायचं म्हणणं सोपं, पण वाकलेला दगड पडतो. पाया आता दुप्पट खोल हवा होता, त्यात मागच्या बाजूला मोठे धोंडे दाबून बसवायला हवे होते आणि दगडाचं बूड तिरकं तासायला हवं होतं. अध्यक्ष बघायला आले आणि डोकं खाजवत म्हणाले, "लोक म्हणतील, समितीनं वाकडा दगड बसवला."

"म्हणू द्या," थोरला म्हणाला. "तसाच बसवायचाय."

बूड थोरलीनंच तासलं. या वेळी प्रत्येक खूण बाईंनी छिन्नीनं केली आणि थोरलीनं ती दोनदा तपासली. खड्डा खणायला थोरला एका हातानं फावडं ओढत होता. दुसऱ्या दिवशी धाकटा आला आणि त्यानं भावाच्या हातातलं फावडं घेतलं.

"तुझं कलिंगडाचं बी टाकून झालं?" थोरलीनं विचारलं.

"वरच्या गाळात टाकतो आता," तो खाली बघून म्हणाला. "पट्ट्यात नको." जरा वेळ खणत राहिला. मग आपणच सांगू लागला. "वहिनी, सकाळी खुंटी ठोकायला गेलो. पायाखाली खडे होते. पाय टाकणार, तेवढ्यात डोक्यावर टोचा मारला एकीनं, टोपीवाल्या पक्ष्यानं. खाली बघतो तर खडा नाहीच, अंडं. वाळूचाच रंग, त्यावर ठिपके." त्यानं फावडं टेकलं. "इतकी वर्षं मी तिथं चालतोय. किती फोडली असतील, देव जाणे."

"आता कळलं ना," थोरली म्हणाली. "खण."

दगड उभा करायच्या दिवशी वारा पडला होता आणि ऊन डोक्यावर होतं. दोर, ओंडके, पहारी, आणि ओढायला गावातली धडधाकट माणसं. बाईंनी स्वतः कोरून वाळूत बसवलेल्या मादीच्या छातीला दोरा बांधला, तो वर आणून भोकातून ओवला आणि पलीकडून ताणून खिंडीच्या दिशेनं रोवलेल्या बांबूला बांधला. दोरा भोकाच्या कडांना कुठंही शिवला नाही म्हणजे दगड बरोबर वाकला. दगड बसवताना बघायचं कोणी? बाईंनी थोरलीला हाताला धरून भोकापुढं उभं केलं.

"सोडा थोडं," थोरली ओरडली. दोर करकरला, दगड इंचभर झुकला. "अजून. अजून थोडं. खालची कड अजून शिवतेय."

थोरला मागचा दोर धरून होता. मुठीत बळ नाही म्हणून त्यानं तो कमरेला वेढून बाभळीच्या बुंध्याभोवती फिरवला होता आणि टाचा मातीत रुतवल्या होत्या. दोर हळूहळू सोडताना त्याच्या कमरेची कातडी सोलवटत होती. कोणीतरी म्हणालं, "दे इकडे, तुझ्यानं होणार नाही." त्यानं नुसती मान हलवली.

"थांबा!" थोरली किंचाळली. "थांबा! हलू नका कोणी!"

दोरा भोकाच्या मधोमध, कुठंही न शिवता मोकळा होता. धाकट्यानं खड्ड्यात उडी घेतली आणि धोंडे ठोकून बसवायला सुरुवात केली. घणाचे घाव थांबेपर्यंत थोरल्यानं दोर सोडला नाही. सोडला तेव्हा त्याच्या सदऱ्यावर कमरेभोवती लाल पट्टा उमटला होता. "दगडाला पाठदुखी झाली की काय," गर्दीतला एकजण वाकलेल्या दगडाकडे बघून म्हणाला. हसू फुटलं, पण त्या हसण्यात वाईटपणा नव्हता.

ठरलेल्या संध्याकाळी सगळं गाव बांधावर जमलं, आणि नेमका खिंडीवर ढग बसला. लोक वाट पाहून कंटाळले. पोरं वाळूत उतरू बघत होती, त्यांना धाकटा हाकलत होता. सूर्य ढगाआडच बुडाला. अध्यक्ष हळूच म्हणाले, "बघू, पुढचं पुढं," आणि चालू लागले. मुकादमही आला होता. त्यानं थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "परवा सकाळी माझी गाडी येतेय. जागा फार दिवस धरून ठेवता यायची नाही." थोरल्यानं बायकोकडे न बघता मान डोलावली.

 दुसऱ्या दिवशी थोरलीनं नवऱ्याचा जुना सदरा धुऊन वाळत घातला, आणि वाळत घालताना तिला स्वतःचाच राग आला. बाईंनी सांगितलं होतं की उजेड आजही मादीवरूनच जाईल, काल चोचीवर पडला असता, आज पाठीवर पडेल. पण त्या दिवसभर सारख्या आकाशाकडे बघत होत्या.

संध्याकाळी बांधावर मोजकीच माणसं होती. घरचे चौघं, बाई, अध्यक्ष, आणि उत्तर पक्कं करून घ्यायला आलेला मुकादम. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. सूर्य खिंडीत उतरू लागला तशी दगडाची लांब सावली वाळूवर पसरली. त्या सावलीच्या मधोमध एक पिवळा ठिपका होता. तो सरकत चालला होता, खडे, ओली वाळू, पक्ष्यांच्या पावलांची नक्षी ओलांडत.  ठिपका मादीच्या शेपटीवर चढला, पाठीवर गेला आणि तिथं थांबल्यासारखा झाला. काळा दगड सोन्यासारखा उजळला.

पलीकडे वाळूवर बसलेल्या खऱ्या मादीनं एकदा मान फिरवली आणि पुन्हा अंड्यांवर नीट बसली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई रडत होत्या, आणि म्हातारी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. धाकटा बांधाच्या तोंडाशी जाऊन आडवा उभा राहिला, जणू आता अख्खं तळं त्याच्याच राखणीत होतं. अध्यक्षांनी घसा खाकरला. "बाकीच्या चार दगडांचं सुरू करा," ते म्हणाले. मग वाकलेल्या दगडाकडे बघून म्हणाले, "आणि ते... तेही असेच वाकवा. बरं दिसतं."

मुकादम बराच वेळ त्या उजेडाकडे बघत राहिला होता. शेवटी त्यानं मोटरसायकलची किल्ली काढली. "मग? उद्या सकाळी गाडीत बसतोस ना?"

"नाही जमायचं," थोरला म्हणाला. "मला काम लागलंय."

"कुणाकडे?"

थोरल्यानं मोडक्या हातानं बायकोकडे बोट केलं. "हिच्या हाताखाली. भोक हिनं पाडलंय. सगळं हिनंच केलंय, मी छिन्न्या घासल्या."

बांधावर सगळे थोरलीकडे बघू लागले. गिऱ्हाईक आलं की ती उठून आत जायची, पण इथं आत कुठं नव्हतंच. तिला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. तिनं पदर खोचला.

"मग सकाळी वेळेवर या," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्याकडे उशीर चालत नाही."